आधी ताट, मग टाकी



पेट्रोल पंपावर आता जे पेट्रोल मिळते, त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असते. तुमच्या मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल भरले की त्यातले दोन लिटर शेतातून आलेले असतात. कुणाच्या शेतातून, कोणत्या पिकातून, हे पंपावरचा पोरगा सांगू शकत नाही. ते मळीतून आले असेल, उसाच्या रसातून असेल, मक्यातून असेल, नाहीतर सरकारी गोदामातल्या तांदळातून. मक्याचे असेल तर हिशेब सोपा आहे. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे दोन लिटरला सव्वापाच किलो मका लागला. सव्वापाच किलो धान्य म्हणजे एका मोठ्या माणसाच्या दहा-बारा दिवसांच्या भाकरी.

हा आकडा सांगितला की गावातल्या बैठकीत लोक क्षणभर गप्प होतात. मग एखादे आजोबा म्हणतात, "धान्य जाळायचं म्हंजी पापच की वो साहेब." आणि मागून एखादा तरुण म्हणतो, "आप्पा, सोयाबीन चार हजारानं घातलं तवा पुण्य कुठं गेलतं?" दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून हा विषय या पानावर जरा सविस्तर मांडतो.

मुरुम भागात हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. मुरुमला विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना, समुद्राळला भाऊसाहेब बिराजदार कारखाना आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही कारखाने. विहिरीला पाणी लागले की ऊस, ऊस नाही जमला तर "इथेनॉलवाले घेतात" म्हणून मका, आणि या दोघांच्या मधल्या जागेत आपली रब्बी ज्वारी वर्षाला थोडी थोडी बांधाकडे सरकत चालली आहे. येणेगूर, दाळिंब, आलूर, केसरजवळगा, कुठेही जा, हेच चित्र.

बैलही इंधनच खात होता

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. शेतात इंधन पिकवण्याची कल्पना काही आता निघालेली नाही. आपले आजे-पणजे तेच करत होते. ट्रॅक्टर यायच्या आधी बैल हेच इंजिन होते आणि कडबा हेच त्याचे डिझेल. दिव्याला करंजाचे तेल नाहीतर एरंडेल. चुलीला तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. घरात एक थेंब रॉकेल न आणता वर्ष काढणारी घरे होती.

पण त्यात एक शिस्त होती. ज्वारीच्या एका झाडाचे दोन वाटेकरी ठरलेले होते, कणीस माणसाचे आणि धाट बैलाचे. रब्बी ज्वारीत धान्याच्या दुप्पट-अडीचपट कडबा निघतो. मालदांडीचे नाव आजही निघते ते नुसत्या दाण्यासाठी नव्हे, कडब्यासाठीही. बैलाला सरकी-पेंड लागायची, वैरणीला कडवळही पेरायचे, हे खरे. पण बैलाचे मुख्य खाणे माणसाला न पचणारे होते. तो आपल्या ताटातली भाकरी ओढून घेत नव्हता.

मोटारसायकल कडबा खात नाही. तिच्यासाठी इथेनॉल करायचे तर साखर किंवा पिष्ट लागते, म्हणजे नेमके तेच जे माणसाला लागते. सगळे भांडण इथून सुरू होते. धाटापासून, भुसकटापासून इथेनॉल काढण्याचे तंत्र निघाले आहे, परंतु ते महाग पडते आणि बाजारातले बहुतेक इथेनॉल अजून साखरेचे आणि धान्याचेच आहे.

धोरण कसे सरकत गेले

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ साली सुरू झाला, तेव्हा काही राज्यांपुरते पाच टक्के मिश्रण होते. त्याच सुमारास जट्रोफाचा, म्हणजे आपल्या मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर लावा, बियांपासून डिझेल काढा, अन्नाला धक्का नाही, असे सांगितले गेले. कल्पना नीतीला धरून होती, पण झाड नीतीवर वाढत नाही. खडकाळ जमिनीत, बिनपाण्याच्या जागी त्याला बियाच पुरेशा लागल्या नाहीत. ज्यांनी चांगल्या रानात लावले त्यांचे रान अडकले.

२००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात स्पष्ट लिहिले होते की इंधन हे न खाण्याच्या मालापासून आणि अन्नपिकांना न लागणाऱ्या जमिनीवरच व्हावे. २०१८ च्या धोरणात दार उघडले. उसाचा रस, मका, गोड ज्वारी, खराब झालेले धान्य आणि जास्तीचे ठरवलेले धान्यही चालेल, असे झाले. २०२२ साली वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर ओढले आणि २०२५ मध्ये ते गाठलेही. वेग पाहण्यासारखा आहे. तेलाच्या आयातीचे परकीय चलन वाचते, साखर कारखान्याला साखर विकली जाण्याची वाट न बघता लवकर पैसा मिळतो आणि त्यातून उसाचे थकीत बिल निघते, हे फायदे खरे आहेत. ते नाकारून चर्चा करणे बरोबर होणार नाही. थकलेले बिल काय असते हे ऊसवाल्याला मी सांगायची गरज नाही.

(जाता जाता एक. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. गाडी थोडे कमी अंतर देते, त्याचे कारण हे. मेकॅनिकला शिव्या देऊ नका.)

सगळे इथेनॉल एका पंगतीला बसवू नका

"अन्न की इंधन" असा प्रश्न सरसकट विचारला की उत्तर चुकते, कारण इथेनॉल एका प्रकारचे नसते. कशापासून केले त्यावर त्याची योग्यता ठरते.

पहिले, मळीचे. साखर पूर्ण काढून घेतल्यावर जी सी हेवी मळी उरते, तिच्यापासून टनभर उसामागे दहाएक लिटर इथेनॉल मिळते. साखर साखरेच्या जागी राहिली, मळी ही उरलेली वस्तू. हे इथेनॉल म्हणजे जुन्या काळचा कडबा समजा. कणीस घरात आले, उरलेले जनावराला गेले. यावर आक्षेप घेण्यासारखे मला काही दिसत नाही. कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात सोडले जाते की नाही एवढे मात्र बघा.

दुसरे, थेट रसाचे. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते, पण त्या उसाची साखर होत नाही. बी हेवी मळीचा प्रकार या दोघांच्या मधला. साखर काही भाकरी नव्हे, देशात ती अनेकदा जास्तच होते, म्हणून रसाचे इथेनॉल हा अन्नाचा नाश आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा दोष साखरेत नाही, पाण्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

तिसरे, खराब धान्याचे. खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. ती माणसाच्या खाण्याची राहत नाही, बुरशीमुळे जनावरालाही जपून द्यावी लागते. ती इथेनॉलला गेली तर शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतात, कुणाच्या तोंडचे काही जात नाही. पण इथेच पळवाट आहे. महाराष्ट्राने हे एकदा पाहिले आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हाही आधार होता काळ्या पडलेल्या ज्वारीचा. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि इतर अनेकांनी त्याला विरोध केला. त्यांचा मुख्य मुद्दा दारूचा होता, पण त्याच्या जोडीला हाही प्रश्न होता की कारखान्याच्या दारात पोते उतरताना दाणा काळा आहे की पांढरा हे कोण तपासणार? आज दारूच्या जागी इंधन आहे, प्रश्न तोच आहे.

चौथे, चांगल्या धान्याचे. मका आणि तांदूळ. २०२४-२५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाचा ५२ लाख टनांपर्यंत तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी द्यायचे ठरले. मोफत रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, त्या हिशेबाने हा साडेआठ कोटींहून जास्त लोकांचा वर्षाचा वाटा होतो. गोदामे भरून वाहत होती, ठेवायला जागा नव्हती, नवी खरेदी तोंडावर होती, हेही तितकेच खरे. सडण्यापेक्षा टाकीत गेलेला बरा असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ विचारा. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो त्यांच्या तोंडात अजून आहे. गोदामातले धान्य हे चांगल्या वर्षात जास्तीचे दिसते. त्याची किंमत बहात्तरसारख्या वर्षी कळते.

बाहेरच्या देशांतही हा वाद जोरात झालेला आहे. अमेरिका आपल्या मक्याचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग इथेनॉलला लावते. २००७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत मक्याच्या भाकरीचा, ज्याला ते टॉर्टिया म्हणतात, भाव भडकला आणि लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्काचे विशेष प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी अन्नपिकांचे इंधन करण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले आणि पाच वर्षे हे थांबवा अशी मागणी केली. शब्द फार कडक आहेत. ब्राझीलचे उदाहरण नेहमी उलट बाजूने दिले जाते. त्यांनी १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवल्या. पण तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला विहिरीवर आणि बोअरवर.

एक टाकी, एक टँकर

आता पाण्याचे बघू, कारण आपल्या तालुक्यात खरा हिशेब पाण्याचाच आहे. जिल्ह्याचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही नेमाने पडत नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात असे दिले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. मोटारसायकलच्या टाकीतले ते दोन लिटर उसाच्या रसाचे असतील, तर त्यामागे पाच हजार सातशे लिटर पाणी गेले. उन्हाळ्यात वस्तीवर येणारा ट्रॅक्टरचा टँकर पाच हजार लिटरचा असतो. म्हणजे एक टाकी भरली की एक टँकर रिकामा झाला, असे म्हणायला हरकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्या शेजारी घडले. त्या हंगामातही मराठवाड्यात ऊस गाळला गेला होता.

दुसऱ्या पद्धतीने मांडतो. पाटाने पाणी दिलेल्या उसाला वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे वजा केले तरी विहिरीतून अठराशे-दोन हजार मिलिमीटर उपसावे लागते. रब्बी ज्वारीला पोटरीत असताना दिलेले एक संरक्षित पाणी म्हणजे पंच्याहत्तर मिलिमीटर धरा. तेव्हा एक एकर उसाच्या पाण्यात पंचवीस एकर ज्वारीला एकेक पाणी बसते. त्या एका पाण्याने एकरी दोनच क्विंटल उतारा वाढला असे धरले, तरी पन्नास क्विंटल ज्वारी झाली, वर कडबा वेगळा. आणि एकरी तीस टन उसाच्या सगळ्या रसाचे इथेनॉल केले तर ते एकवीसशे लिटर होते. एका बाजूला एकवीसशे लिटर इंधन, दुसऱ्या बाजूला पन्नास क्विंटल भाकरी. पाणी तेच.

तुम्ही म्हणाल, पाणी माझ्या विहिरीतले, पंचवीस एकर मात्र पंचवीस जणांचे. मी ऊस सोडला म्हणून त्यांच्या ज्वारीला पाणी जाणार आहे का? बरोबर आहे. आपोआप जाणार नाही. पण जमिनीखालचे पाणी सातबारा बघून थांबत नाही. तुमच्या बोअरने ओढलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचे असू शकते, आणि फेब्रुवारीत कुणाची विहीर आधी उघडी पडते हे गावात सगळ्यांना माहीत असते. ठिबकवर हा खर्च बराच कमी होतो. ज्याचा ऊस आहे त्याने निदान ठिबकशिवाय तो करू नये, एवढे तरी व्हायला हवे.

मका आला आणि सोयाबीन पडले

मक्याला पाणी उसाइतके लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मक्याच्या इथेनॉलचा एक धागा थेट आपल्या सोयाबीनला बांधलेला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

मक्यातले पिष्ट इथेनॉलला गेल्यावर क्विंटलला तीसएक किलो चोथा उरतो. त्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिने चांगली असतात आणि तो कोंबड्यांना, जनावरांना चालतो. वाया काही जात नाही, हे ऐकायला बरे वाटते. परंतु कोंबडी खाद्यातली प्रथिने आजवर कुठून येत होती? सोयापेंडीतून. एक क्विंटल सोयाबीन गाळले तर अठराएक किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर उभा आहे. इथेनॉलचे कारखाने वाढले, स्वस्त चोथा बाजारात आला, खाद्यवाल्यांनी पेंड कमी केली. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली होता. त्याला खाद्यतेलाची आयात, जगातले मोठे उत्पादन ही कारणे होतीच, पण चोथ्याचाही हात होता. खरिपात सोयाबीन करायचे आणि त्याच वेळी मक्याच्या इथेनॉलचा जयजयकार करायचा, यात आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो का, हे तपासून बघा.

मक्याच्या भावालाही एक झाकण आहे. २०२४-२५ मध्ये तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे देत होत्या. क्विंटलचे ३८ लिटर धरले तर २,७३० रुपये झाले, त्यात चोथ्याचे पैसे मिळवा. या रकमेत कारखान्याने जळण, मजुरी, कर्जाचे व्याज, नफा सगळे बसवायचे. मग मक्याला तो किती देऊ शकेल? भावाची वरची हद्द अशी दिल्लीच्या दरपत्रकात बांधलेली आहे. खालची हद्द मात्र कुणी बांधलेली नाही. २०२५ च्या हंगामात शेजारच्या कर्नाटकात मका २,४०० रुपयांच्या हमीभावाच्या पार खाली गेला आणि शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले. उसाचेही तसेच. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने एका आदेशाने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, कारण साखर कमी पडेल अशी भीती होती. आठवडाभरात त्यात ढील दिली, तरी कारखान्यांनी कर्ज काढून घातलेल्या यंत्रांचे गणित बिघडले ते बिघडले. आणि सरकारने तेव्हा काय केले ते लक्षात घ्या. ताटात कमी पडेल असे वाटताच त्यांनी टाकीची तोटी बंद केली. इंधन की अन्न या प्रश्नावर सरकारचाही शेवटचा क्रम तोच निघाला.

याची किंमत कोण देतो?

बागायतदाराने ज्वारी मोडून ऊस किंवा मका केला तर त्याच्या घरी भाकरीची टंचाई पडत नाही. तो विकत घेतो. पूर्वी सुगीला मजुराला काढणीची मजुरी ज्वारीत मिळायची. पायलीने मोजून घेतलेले ते धान्य घरात वर्षभर पुरायचे नाही, पण पावसाळा निघायचा. आज मजुरी रोख आहे. रोख मजुरीत मजूर बाई बाजारात ज्वारी घ्यायला उभी राहते, तेव्हा ज्वारीचा भाव रेशनच्या गव्हा-तांदळाच्या कितीतरी वर असतो. ज्वारीचे रान कमी झाल्याचा पहिला फटका तिला बसतो. दुसरा फटका बसतो दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बिनजमिनीच्या माणसाला. कडब्याचा शेकडा महागला की दुधाचे गणित बसत नाही. उसाचे वाढे फुकट मिळते म्हणून त्यावर जनावर पोसायचे, तर त्याला कडब्याची सर नाही.

पण मग शेतकऱ्याने काय दुसऱ्याच्या भाकरीसाठी आपले नुकसान करून घ्यायचे? हा प्रश्न मला दर बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. शहरातल्या माणसाला स्वस्त धान्यही हवे, स्वस्त पेट्रोलही हवे, आणि नीतीचा पाठ मात्र चार एकरवाल्याने गिरवायचा, हे काही बरोबर नाही. शेतकऱ्याने ज्वारी का सोडली ते आधी बघा. काढायला माणूस मिळत नाही. उपटून काढायचे काम कंबरडे मोडणारे, यंत्र आपल्या भारी काळ्या जमिनीत आणि उंच मालदांडीत नीट चालत नाही, त्यात पाखरांचा त्रास. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३,७४९ रुपये जाहीर झाला, पण जाहीर झालेला भाव आणि वजनकाट्यावरचा भाव यांत किती अंतर असते हे तुम्ही जाणता. उसाला मात्र रास्त व किफायतशीर दर कायद्याने बांधलेला आहे, तोड-वाहतूक वजा होऊन का होईना. ज्या पिकाला कायद्याचे संरक्षण ते पीक शेतकरी करणार. त्याला पाप म्हणणाऱ्याने आधी ज्वारीच्या मागे तेवढेच बळ उभे करावे.

माझे मत विचाराल तर या तालुक्यापुरते ते असे आहे. मळीचे इथेनॉल जरूर व्हावे. काळ्या ज्वारीचेही व्हावे, पण प्रत तपासून. पाण्याची सोय असलेल्याने सोयाबीनमागे रब्बीत एखादा तुकडा मका केला तर बिघडत नाही. बोअर पाडून नवा ऊस, आणि तोही रसाच्या इथेनॉलसाठी, हे मात्र आपल्याकडे नको. आणि मालदांडीचे भारी रान मोडून त्यात कारखान्याचे पीक नको. घराला आणि दावणीला पुरेल एवढी ज्वारी ठेवूनच पुढचा विचार करावा. आधी पोटोबा मग विठोबा म्हणणाऱ्यांनी आधी पोटोबा मग फटफटी म्हणायला लाजू नये.

मधला रस्ता होता, आहे

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केले. त्यांचा 'मधुरा' वाण त्यातूनच आला. या ज्वारीच्या कणसात दाणा मिळतो, धाटात उसासारखा गोड रस असतो, रस काढल्यावरचा चोथा जनावर खाते. म्हणजे बैलाच्या काळातला जुना वाटा पुन्हा जमतो. दाणा माणसाला, रस टाकीला, चोथा दावणीला. तिथले डॉ. अनिल राजवंशी यांनी या इथेनॉलवर चालणारे कंदील आणि शेगड्याही बनवल्या.

मग ती आपल्या शिवारात का दिसत नाही? अडचण तंत्राची आणि वेळेची आहे. कापलेले धाट एक-दोन दिवसांत गाळले नाही तर रस आंबतो, साखर उतरते. ऊस वर्षातले पाच महिने कारखान्याला पुरतो, गोड ज्वारी काही आठवड्यांत संपते. मराठवाड्यातच, नांदेडकडे टाटा केमिकल्सने गोड ज्वारीचा इथेनॉल कारखाना उभारला होता, तो टिकला नाही. मोठ्या कंपनीला जे जमले नाही ते एकट्या शेतकऱ्याने करून बघावे असे मी सांगणार नाही. परंतु साखर कारखान्यांना हंगामाआधी ऑक्टोबरात यंत्रे रिकामी असतात, तेव्हा खरिपाची गोड ज्वारी गाळून बघता येईल. हा विषय कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांनी काढायला काय हरकत आहे? सभासद म्हणून तुमचा तो हक्क आहे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनाही दोन शब्द. पाण्याचा ताळेबंद हा शब्द आपल्या जिल्ह्यात नवा नाही. अटल भूजल योजनेत अनेक गावांनी तो मांडला, फलकावर लिहिलाही. पण बऱ्याच ठिकाणी तो फलकावरच राहिला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेत ठरवले आणि उसासारख्या पिकाला लगाम घातला. तिथे कुणी पोलीस उभा केला नव्हता. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीची पेरणी व्हायच्या आत, विहिरींची पातळी मोजून सांगितली आणि बेन्नीतुरेच्या काठच्या गावांनी एकत्र बसून बोलणे केले, तरी पुष्कळ होईल. मार्चमध्ये टँकरचा ठराव घेण्यापेक्षा हे सोपे आहे.

आणि ज्यांना यंदा मका करायचाच आहे त्यांच्यासाठी. "कारखाना घेणार आहे" एवढ्या तोंडी बोलण्यावर पेरू नका. कोण घेणार, कारखाना की मधला व्यापारी, हे आधी विचारा. भाव लेखी घ्या, आणि बाजार हमीभावाच्या खाली गेला तर काय, हे त्या कागदावर असू द्या. ओलाव्याची अट नीट वाचा. चौदा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की कपात सुरू होते, तेव्हा कणसे पुरती वाळल्याशिवाय मळणी करू नका आणि काट्यावर जाण्याआधी बाजार समितीत ओलावा मोजून घ्या. पैसे किती दिवसांत, तेही लिहून घ्या. आणि पेरणीआधी घरच्या ज्वारीचे रान वेगळे आखून ठेवा. एका माणसाला महिन्याला दहा-बारा किलो धरले तर पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा-सात क्विंटल लागते. कोरडवाहू रानात ते दीड एकरात निघते, आणि दोन जनावरांच्या कडब्याला मोठा हातभार लागतो तो वेगळा.